गोव्यासाठी कमी पेट्रोल पिणारी स्टेशन वॅगन निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरची पाच माणसं, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातलं सामान, असोल्या नारळांची दोन पोती आणि पुढच्या सीटवर गुडघे दुखणारी आजी. एवढं सगळं एका गाडीत बसवायचं आणि महिनाअखेरीस पेट्रोलचं बिल पाहून छातीत धस्स होऊ द्यायचं नाही, असा हिशेब मांडून लोक गाडी शोधायला निघतात. शोधताना सतत पुढे येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं गोव्यातल्या रस्त्यांना धरून आहेत. पुण्या-मुंबईच्या माणसाला त्यातली काही लागू पडणार नाहीत.

स्टेशन वॅगन आणि एसयूव्ही यात फरक काय?

सेडानच्याच पायावर बांधलेली, छप्पर सरळ मागच्या टोकापर्यंत नेलेली आणि मागे मोठं उघडणारं दार असलेली गाडी म्हणजे वॅगन. उंची सेडानइतकीच, त्यामुळे डिकीचा तळ कमरेच्या खाली राहतो आणि गॅसचा सिलिंडर किंवा तांदळाची गोण उचलून ठेवताना पाठ जात नाही. एसयूव्ही उंच आणि बहुधा वजनदार असते. तिचा पुढचा भाग मोठा म्हणून हवा जास्त कापावी लागते. सामान मात्र दोन्हींत साधारण तेवढंच मावतं, कधी कधी वॅगनमध्ये जास्तच.

आज भारतात परवडणारी नवी स्टेशन वॅगन मिळते का?

नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे शोरूमच्या फेऱ्या वाचतील.

पूर्वी मिळत होत्या. नव्वदच्या दशकात टाटा इस्टेट होती. तिच्यामागून मारुतीची बलेनो अल्टुरा, ओपेलची कोर्सा स्विंग, फियाटची सिएना वीकएंड, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी आल्या आणि २००४ साली टाटाची इंडिगो मरीना आली. एकही रुजली नाही. सेडानपेक्षा चार पैसे जास्त मोजून 'ॲम्ब्युलन्ससारखी दिसणारी' गाडी घ्यायला आपली माणसं तयार नव्हती. हा शब्द मी अनेकांच्या तोंडून ऐकलाय, आणि म्हणणारे नंतर त्याहून बोजड दिसणाऱ्या एसयूव्ही घेऊन हिंडताना पाहिलेत.

उरलंसुरलं काम कराने केलं. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. लहान म्हणजे लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. वॅगनचं सगळं वैभव तिच्या शेपटात, आणि नेमकं तेच शेपूट चार मीटरच्या रेषेबाहेर जातं. मग कंपन्यांनी सेडानची शेपटं कापली आणि वॅगनचा नाद सोडला. ती रेषा अजून आहे: २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाडीवर १८ टक्के जीएसटी आणि तिच्याहून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाडीवर ४० टक्के. व्होल्वोची व्ही९० क्रॉस कंट्री, मर्सिडीजची ई-क्लास ऑल-टेरेन अशा वॅगन आल्या, पण त्या पेट्रोलचा हिशेब करणाऱ्यांसाठी नव्हत्या.

मग तिच्या जागी कोणती गाडी पाहावी?

वॅगनचं काम आज बुटक्या सातआसनी गाड्या करतात. मागची तिसरी रांग कायमची आडवी करून ठेवायची, झाली वॅगन. हा विचार पटला की निवड सोपी होते, कारण 'सात सीट आरामाच्या आहेत का' हा प्रश्न गळून पडतो आणि 'तिसरी रांग पाडल्यावर तळ सपाट होतो का' हा उरतो.

माझ्या मते या कामात सगळ्यात पुढे मारुती अर्टिगा आहे. लांबी साधारण ४.४ मीटर, रुंदी १७३५ मिमी. तिन्ही रांगा उभ्या असताना डिकी २०९ लिटरची, म्हणजे दोन बॅगांत संपणारी. तिसरी रांग पाडली की ५५० लिटर. इंजिन १.५ लिटर पेट्रोल, कंपनीचा दावा मॅन्युअलला लिटरमागे २०.५१ किमी. टोयोटा रुमियन म्हणजे वेगळ्या बिल्ल्याची हीच गाडी. ज्याची डिलिव्हरी लवकर आणि सर्व्हिस सेंटर जवळ, तो बिल्ला घ्यावा. एक्सएल६ तिचीच सहा आसनी बहीण, पण मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या असल्याने लांब वस्तू सरळ आडवी टाकताना मधे फट राहते. वॅगन म्हणून वापरायची तर अर्टिगाच बरी.

रेनॉ ट्रायबर चार मीटरच्या आत बसते आणि तिची तिसरी रांग चक्क उचलून घरी ठेवता येते. सीटा काढल्यावर ६२५ लिटरची डिकी मिळते. या लांबीच्या गाडीत हे थोडं नवलच. अडचण इंजिनाची आहे. ९९९ सीसी आणि ७२ अश्वशक्ती. एकटा माणूस पणजी-फोंडा करत असेल तर काही वाटणार नाही, पण पाच जण, एसी आणि चोर्ला घाट एकत्र आले की दुसरा गिअर सुटत नाही आणि मग ॲव्हरेजही सुटतो. घाटात क्वचित जाणाऱ्या, गावातल्या गावात सामान वाहणाऱ्या घरासाठी मात्र ही चांगली गाडी आहे, लोक उगाच तिच्याकडे दुर्लक्ष करतात.

डिझेलच हवं असेल त्यांच्यासाठी किआ कॅरेन्स. टोयोटा इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड (पेट्रोल इंजिनाला बॅटरी आणि विजेच्या मोटरची जोड) हा वेगळ्याच बजेटचा विषय, त्यावर खाली लिहिलंय.

आणि घरात चारच माणसं असतील, सामान रोजचं नसेल, तर वॅगनआर बघा. उंच छप्पर, ३४१ लिटरची डिकी, मागची सीट पाडली की फ्रिजसुद्धा जातो. अनेकांना जी गरज वाटते ती प्रत्यक्षात एवढीच असते.

कंपनी सांगते तो ॲव्हरेज खरा असतो का?

खरा असतो, पण प्रयोगशाळेतला. गाडी रोलरवर चढवतात, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वेग कमी-जास्त करतात, कमाल वेग ताशी ९० किमी आणि आजवरच्या चाचणीत एसी बंद. वळण नाही, चढ नाही, पुढे अचानक ब्रेक मारणारी पर्यटकाची जीप नाही. त्यामुळे हा आकडा दोन गाड्यांची आपसात तुलना करायला वापरावा. घरखर्चाच्या वहीत तो लिहू नये.

गोव्यात प्रत्यक्ष ॲव्हरेज किती पडेल?

हे गाडीपेक्षा तुमच्या रस्त्यावर जास्त अवलंबून आहे, आणि या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. गोवा उत्तर-दक्षिण जेमतेम १०५ किमी. त्यामुळे इथली बहुतेक धाव आखूड असते. आखूड धावेत इंजिन पुरतं तापेपर्यंत आपण पोचलेलो असतो, आणि थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं. सकाळी देवळात, मग मुलाला शाळेत, मग बाजारात, असे तीन-चार किलोमीटरचे तुकडे केले तर वीसचा दावा करणारी गाडी बारा-तेरावर येऊ शकते. त्यात गाडीचा दोष नसतो.

वॅगन एसयूव्हीपेक्षा पेट्रोल वाचवते ते दोन कारणांनी: वजन कमी, आणि हवेचा अडथळा कमी. यातलं दुसरं कारण वेगावर ठरतं. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या हिशेबाने वाढते. वेग दुप्पट झाला तर ताकद आठपट. ताशी ४० ने डिचोलीहून साखळीला जाताना गाडी बुटकी आहे की उंच, याने फार बिघडत नाही. राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून ताशी ९० ने रत्नागिरीकडे निघालात की तोच फरक टाकीत दिसायला लागतो. म्हणजे गावातल्या गावात फिरणाऱ्याने वजन पाहावं, आणि महिन्यातून दोनदा मुंबई-पुणे करणाऱ्याने आकार.

आता रस्ते घ्या. मडगाव ते पणजी नव्या जुवारी पुलामुळे सुधारलं. पूर्वी जुन्या पुलावर गाडी चालू ठेवून उभं राहण्यात जे पेट्रोल जळायचं, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. पर्वरीची कोंडी आणि बोरी पुलावरची ट्रकांची रांग मात्र आपला वाटा घेतातच. काणकोणचा माणूस करमल घाटात चढताना जे घालवतो त्यातलं काही उतरताना परत मिळवतो, पण गिअरमध्ये राहून उतरला तरच. न्यूट्रल टाकून घाट उतरणं धोक्याचं आहे, आणि त्यात बचतही नाही: आजच्या इंजिनाला गिअरमध्ये, पाय काढून उतरताना इंधन जवळजवळ मिळतच नाही, न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू राहण्यापुरतं पीत राहतं.

आखूड धावेला उपाय गाडीत नाही, पडवीत उभ्या असलेल्या स्कूटरमध्ये आहे. तीन किलोमीटरच्या फेऱ्या तिच्यावर सोपवल्या की गाडीचा ॲव्हरेज आपोआप वर येतो.

स्वतःचा ॲव्हरेज कसा मोजायचा?

टाकी फुल्ल करा, नोझल आपोआप थांबेल तिथेच थांबा, किलोमीटर लिहून ठेवा. टाकी अर्ध्याच्या खाली गेल्यावर त्याच पंपावर पुन्हा तसंच भरा आणि चाललेले किलोमीटर भरलेल्या लिटरने भागा. एका वेळच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, चार-पाच टाक्यांची सरासरी घ्या. डॅशबोर्डवरचा आकडा बहुधा गोड बोलतो.

जुनी गाडी चांगली चालतेय. केवळ ॲव्हरेजसाठी नवी घ्यावी का?

हिशेब लिटरमध्ये करा. 'किती किलोमीटर देते' या आकड्याने डोळ्यांत धूळ जाते. महिना १००० किमी धरू. बारा देणारी गाडी ८३ लिटर पिते, पंधरा देणारी ६७. वाचले सुमारे १६ ते १७ लिटर. आता अठराची गाडी टाकून बावीसची घ्या: ५५.६ वरून ४५.५, वाचले १० लिटर. कागदावर पहिल्या उडीत तीन वाढले आणि दुसरीत चार, पण पैसे पहिलीत जास्त वाचले. म्हणजे जुनी, जास्त पिणारी गाडी बदलण्यात खरा फायदा. आधीच बरी असलेली गाडी आणखी बरी करण्यात तो झपाट्याने कमी होतो.

पैशांत पाहू. पेट्रोल ९५ रुपये धरलं, पंधराची गाडी सोडून एकवीसची घेतली आणि तिच्यासाठी तीन लाख जास्त मोजले. महिना १००० किमीला सुमारे १९ लिटर, म्हणजे १८०० रुपये वाचतात. तीन लाख वसूल व्हायला जवळजवळ चौदा वर्षं लागतील. तोच माणूस महिना २५०० किमी चालवत असेल तर साडेपाच वर्षांत वसुली. म्हणून शोरूममध्ये जाण्याआधी आपले वर्षाचे किलोमीटर काढा. ओडोमीटर भागिले गाडीचं वय, एवढंच गणित आहे.

पेट्रोल, डिझेल की सीएनजी?

डिझेलचं आधी संपवू. १ एप्रिल २०२० पासून धुराचे कडक निकष, म्हणजे बीएस६, आले आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी पकडणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, बसली. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून बराच वेळ सलग, चांगल्या वेगाने धावावी लागते. पणजी-ताळगाव करणाऱ्याच्या गाडीत ते घडत नाही, मग दिवा लागतो आणि गॅरेजवाला खूश होतो. त्याच महिन्यापासून मारुतीने डिझेल बंदच केलं. दर आठवड्याला बेळगाव किंवा कोल्हापूर करणाऱ्याने डिझेल घ्यावं. बाकीच्यांनी विसरावं.

सीएनजीचं चित्र मोहक आहे. अर्टिगा सीएनजीचा दावा किलोमागे २६.११ किमी. पण इथे तीन गोष्टी नीट पाहा.

पहिली, पंप. उत्तर आणि दक्षिण गोव्यात गॅस पुरवणाऱ्या कंपन्या वेगळ्या आहेत आणि पंपांचं जाळं पेट्रोलपंपांइतकं दाट नाही. तुमच्या रोजच्या वाटेवर पंप असेल तर उत्तम. गॅससाठी मुद्दाम वाट वाकडी करावी लागत असेल तर बचतीचा मोठा वाटा त्या वाकड्या वाटेतच जातो. सत्तरी किंवा सांगे तालुक्यातल्या माणसाने आधी एक दिवस सकाळी पंपावर जाऊन रांग बघून यावी.

दुसरी, डिकी. अर्टिगाची ६० लिटर मापाची टाकी तिसऱ्या रांगेच्या मागे बसते. म्हणजे ज्या जागेसाठी वॅगन घेतोय, तिथेच लोखंडी सिलिंडर येऊन बसतो आणि तिसरी रांग पाडली तरी तळ सलग मिळत नाही. सामान हीच मुख्य गरज असेल तर सीएनजी अर्टिगा हा उलटा सौदा आहे. टाटाने दोन लहान टाक्या डिकीच्या तळाखाली बसवून यातून वाट काढली, पण त्या गाड्या लहान आहेत. मारुतीने २०२५ मध्ये व्हिक्टोरिस या एसयूव्हीत टाकी गाडीच्या पोटाखाली नेली. हीच युक्ती अर्टिगात आली तर माझं मत बदलेल.

तिसरी, ताकद. हेच इंजिन पेट्रोलवर १०३ अश्वशक्ती देतं, गॅसवर ८८. सपाटीवर कळत नाही, अनमोड घाटात भरल्या गाडीने कळतं. शिवाय सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करून घ्यावी लागते. जुनी गाडी घेताना तिचं प्रमाणपत्र मागा.

एवढं असूनही रोज साठ-सत्तर किलोमीटर एकट्याने कामाला जाणाऱ्यासाठी, वाटेत पंप असेल तर, या तिघांत सीएनजीइतकं स्वस्त दुसरं काही नाही. फक्त तिला वॅगन म्हणू नका.

हायब्रिड परवडते का?

तंत्र म्हणून हायब्रिड गोव्याला चपखल आहे. थांब-चल वाहतुकीत ती ब्रेकची ऊर्जा बॅटरीत साठवते आणि हळू वेगात इंजिन बंद ठेवते. जिथे साध्या गाडीचा ॲव्हरेज कोसळतो तिथे तिचा सावरतो. मे महिन्यात कळंगुटच्या रस्त्यावर अर्धा तास अडकलात तर हे पटेल. हायक्रॉस हायब्रिडचा दावा २३.२४ किमी आहे, तोही दोन लिटर इंजिनाच्या, पावणेपाच मीटर लांब गाडीत. बॅटरीला टोयोटा आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमीची वॉरंटी देते.

किंमत मात्र वरच्या गणितात घालून पाहा. महिना हजार किलोमीटरवाल्याला ती पेट्रोलच्या पैशांतून वसूल होत नाही. आराम, जागा आणि शांतता यांचे पैसे म्हणून घेत असाल तर खुशाल घ्या, पण बचतीचं कारण घरच्यांना सांगू नका.

मारुती ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा हायरायडर या एसयूव्हींच्या स्ट्राँग हायब्रिडचा दावा २७.९७ किमी आहे. तो पाहून लोक हरखतात. बॅटरी डिकीच्या खाली असल्याने डिकी उथळ झालीय. आपल्या बॅगा नेऊन एकदा ठेवून बघा.

इलेक्ट्रिक?

गोव्यातल्या बऱ्याच घरांना स्वतःचं अंगण असतं, चार्जर लावायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आणि एका दिवसात सहसा कुणी राज्याच्या दोन टोकांच्या पलीकडे जात नाही. त्यामुळे दुसरी गाडी म्हणून इलेक्ट्रिक इथे शोभते. एमजी विंडसरची ६०४ लिटरची डिकी आणि सपाट आतली बाजू वॅगनच्या फार जवळची आहे. किआ कॅरेन्स क्लॅव्हिस ईव्ही २०२५ मध्ये सात सीटांसह आली. पावसाळ्यात वादळाने झाड पडून तारा तुटतात तेव्हा चार्जिंग अडतं, हे मोपा आणि पत्रादेवीकडच्या गावांना सांगायला नको. अर्धी बॅटरी नेहमी शिल्लक ठेवायची सवय लावली की झालं.

ई२० पेट्रोलने (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) ॲव्हरेज पडतो म्हणतात, ते खरं?

खरं आहे, आणि कारण साधं आहे. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच ई१० (१० टक्के इथेनॉल) साठी जुळवलेल्या चारचाकींचा ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी उतरेल असं म्हटलं होतं, आणि ई२० साठी जुळवलेल्यांचा १ ते २ टक्क्यांनी. एप्रिल २०२३ नंतर बनलेली गाडी घेतली तर काळजी कमी. त्याआधीची घेणार असाल तर रबरी नळ्या आणि सील एकदा तपासून घ्या. इथेनॉल पाणी ओढून घेतं; जून ते सप्टेंबर गाडी बंद ठेवून परदेशी किंवा बोटीवर जाणाऱ्यांनी टाकी जवळजवळ भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी राहते.

गोव्यात पेट्रोल स्वस्त, मग एवढा विचार कशाला?

एप्रिल २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांच्या सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला आणि लिटरमागे सुमारे ११ रुपये उतरले, तेव्हा हा प्रश्न शोभला असता. तो काळ गेला. महाराष्ट्रापेक्षा भाव अजून कमी आहे, म्हणून सीमेजवळच्या आपल्या पंपांवर एमएच ०७ च्या, म्हणजे सिंधुदुर्गातल्या, गाड्या दिसतात, पण त्यांच्यापेक्षा स्वस्त म्हणजे स्वस्त नव्हे.

लांब गाडी गावच्या वाटेत आणि फेरीबोटीवर बसते का?

बसते, पण दोन ठिकाणी जपावं लागतं. चिऱ्यांच्या गडग्यांमधून जाणाऱ्या वाटेत लांबीपेक्षा रुंदी नडते. अर्टिगा १७३५ मिमी, हायक्रॉस त्याहून सुमारे ११ सेंटीमीटर जास्त. समोरून पोदेराची (पाववाल्याची) सायकल आली तरी या अकरा सेंटीमीटरची किंमत कळते. जुन्या वाड्यातल्या घरी राहणाऱ्यांनी आपल्या वाटेतला सगळ्यात अरुंद कोपरा टेपने मोजावा आणि आरशांसकट गाडीची रुंदी विचारावी. ब्रोशरमध्ये बहुधा आरसे धरत नाहीत.

दुसरी जागा फेरीबोट. ओहोटीला धक्का आणि बोटीचा फळा यांत तीव्र कोन होतो. मागच्या चाकांच्या मागे गाडीचं शेपूट जितकं लांब, तितका मागचा बंपर घासण्याची शक्यता जास्त. दिवाडी किंवा चोडणला रोज जाणाऱ्याने सगळ्या सीटा भरून, डिकीत वजन टाकून, ओहोटीच्या वेळी एकदा चढवून पाहिलेलं बरं. रिकाम्या गाडीची चाचणी इथे फसवते, कारण भरल्यावर मागची बाजू चांगलीच बसते.

चवथीला सगळे येतात. सात सीट हव्यातच ना?

वर्षातल्या पाच दिवसांसाठी उरलेले तीनशे साठ दिवस जड गाडी ओढायची का, हे आधी ठरवा. चवथीला माणसं वाढतात तसं माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं) सामानही वाढतं, आणि तिसरी रांग उभी असताना अर्टिगाच्या २०९ लिटरमध्ये केळीचा घड, सुपाऱ्यांचे गुच्छ, फटाके आणि पाहुण्यांच्या बॅगा मावत नाहीत. शेवटी दोन फेऱ्या होतातच. लहान मुलं असलेल्या घरात तिसरी रांग खरोखर वापरली जाते. मुलं मोठी झाली की ती मागे कुणी बसेना म्हणून पडून राहते.

जास्तीचं सामान छपरावरच्या कॅरिअरवर टाकलं तर?

म्हापशाहून पेडण्यापर्यंत टाका. लांबच्या प्रवासाला नको. छपरावर गोणी आणि वर फडफडणारी ताडपत्री म्हणजे वॅगनच्या बुटक्या आकाराने जे कमावलं ते उधळणं. रिकामं कॅरिअरसुद्धा हवा अडवतं, काम झालं की काढून ठेवा.

आतल्या सामानाबद्दल एक गोष्ट शोरूमवाले सांगत नाहीत. सेडानच्या डिकीत आणि माणसांत सीटची भिंत असते, वॅगनमध्ये सामान सीटच्या पाठीपेक्षा वर रचता येतं. जोरात ब्रेक लागला तर वरची वस्तू सरळ मागच्या माणसांच्या डोक्याकडे येते. जड सामान तळाला, सीटच्या पाठीला टेकवून, आणि वरून जाळी किंवा दोर. नारळ सुटे कधीच नको.

जुनी घ्यायची तर काय तपासायचं?

इथे घाई करू नका, कारण गोव्यातली जुनी गाडी देशावरच्या जुन्या गाडीसारखी नसते. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि किनाऱ्यावर खारा वारा. गंज बाहेरून दिसत नाही. स्टेपनी काढून तिच्या खोबणीत हात फिरवा. मागच्या दाराचं रबर गळत असेल तर पाणी तिथेच साचतं, आणि मोठ्या मागच्या दाराच्या गाडीत हा आजार नेहमीचा. दारांच्या खालच्या कडा, पायरीखालचा पत्रा, सस्पेन्शनच्या जोडण्या पाहा. गाडी फिटरच्या रॅम्पवर चढवल्याशिवाय इसार (आगाऊ रक्कम) देऊ नका. वास्को, कोळवे, हणजूण अशा समुद्रालगतच्या घरात उघड्यावर उभी राहिलेली गाडी आणि फोंड्यात शेडखाली राहिलेली गाडी, दोन्ही एकाच सालच्या असल्या तरी त्यांचं वय सारखं नसतं.

रेंट-अ-कॅबची, म्हणजे पर्यटकांना भाड्याने दिलेली, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली गाडी स्वस्तात मिळते. ती किती हातांनी कशी चालवली असेल याची कल्पना बागा रस्त्यावर पाच मिनिटं उभं राहिलं की येते. घ्यायचीच तर खाजगी नोंदणीत बदलून देण्याचं काम विकणाऱ्याकडूनच पुरं करून घ्या, पैसे नंतर. क्लच आणि गिअरबॉक्सची तपासणी आधी.

अर्टिगा जुनी पाहताना साल बघा. २०१८ अखेरच्या मॉडेलच्या ऑटोमॅटिकला चार गिअर होते, दावा १८ किमीच्या आसपास, २०२२ मध्ये सहा गिअरची पेटी आली आणि दावा २०.३० वर गेला. ऑटोमॅटिक हवी असेल तर २०२२ नंतरचीच घ्या. इंडिगो मरीना कुठे नीट ठेवलेली सापडली तर मोह होईल. यांत्रिक भाग इंडिगो-इंडिकाचे चालतात, पण मागच्या दाराची काच आणि मागचे दिवे यांसाठी भंगारवाल्यांचे उंबरे झिजवावे लागतात. तीन-चार वर्षं जुनी, एका मालकाची पेट्रोल मॅन्युअल अर्टिगा हा गोव्यातल्या मध्यम घरासाठी मला सगळ्यात समजूतदार सौदा वाटतो, नव्या ट्रायबरपेक्षाही.

टायरचा हवेचा दाब खरंच एवढा महत्त्वाचा आहे?

हो, आणि सामान वाहणाऱ्या गाडीत दुप्पट. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावर भरलेल्या गाडीचा मागच्या चाकांचा दाब वेगळा दिला असेल तर लांबच्या प्रवासाआधी तेवढा भरा, परत आल्यावर उतरवा. हवा गार टायरमध्ये तपासायची. पंपावरचा पोरगा सगळ्यांना पस्तीस भरतो, त्याला आकडा सांगा.

टेस्ट ड्राइव्हला काय करावं?

शोरूमचा सेल्समन पाटो किंवा वेर्णाच्या मोकळ्या रस्त्यावर नेतो, एसी गार आणि गाडी रिकामी. तुम्ही घरच्यांना बरोबर घेऊन जा. पाचही जणांना बसवा, एसी दोनवर ठेवा आणि पणजीत असाल तर आल्तिनोचा चढ, फोंड्यात असाल तर फर्मागुडीचा चढ चढून दाखवायला सांगा. अर्ध्या चढावर थांबवून पुन्हा उचला. तिथे पहिल्या गिअरमध्ये इंजिन किंचाळत असेल तर रोज तेच होणार आणि रोज तेवढं पेट्रोल जाणार. नंतर तिसरी रांग स्वतःच्या हाताने पाडा आणि उभी करा, आजीला बसवून उतरवा, घरून नेलेली सगळ्यात मोठी बॅग डिकीत ठेवा. सेल्समन कंटाळला तरी चालेल.